रंगरावाचे पुढचे ब्रेक

बाळांनो, एका जंगलात एक घाट होता. घाट होता म्हणून उतार होता, आणि उतार होता म्हणून ही गोष्ट आहे. सपाट जंगलात यातलं काहीच घडलं नसतं.

घाटाच्या माथ्यावर वाघोबा महाराजांचा दरबार भरायचा. पायथ्याशी तळं होतं. मधे वळणावळणांचा रस्ता. त्याच्या एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला करवंदीच्या जाळ्या.

या जंगलात रंगराव नावाचा बिबट्या राहायचा. त्याच्याकडे एक जुनी स्पोर्ट्‌स कार होती. लालभडक, दोघांपुरती, बिनटपाची, लांब नाकाची. जंगलात गाडी कुठून आली आणि पेट्रोल कुठे मिळतं, असले प्रश्न विचारू नका. मोठे झालात की विचारायचे आपोआप बंद व्हाल.

गाडी धावायची मात्र झकास. हरणं मागे पडायची, ससे तर दिसायचेसुद्धा नाहीत. थांबण्यातही ती सगळ्यांच्या पुढे होती. म्हणजे बाकीच्या गाड्या जिथे थांबायच्या, तिथून बऱ्याच पुढे जाऊन ही थांबायची.

"जातिवंत गाडी आहे," रंगराव म्हणायचा. "ती आपल्या मनाने थांबते."

एकदा काय झालं, रंगरावाच्या मेहुणीच्या पिल्लाचं बारसं होतं. मेहुणी राहायची तळ्याकाठी. रंगरावाची बायको शालन हिने पिल्लासाठी हौसेने कुंची शिवली होती. ती मांडीवर घेऊन शालन गाडीत बसली, आणि दोघं घाट उतरू लागली.

पहिल्या वळणावर ब्रेक लागला. दुसऱ्या वळणावर लागल्यासारखा वाटला. तिसऱ्या वळणावर रंगरावाने पेडल दाबलं, तर लोण्यात पाय घालावा तसं ते थेट तळाला गेलं.

"अहो, समोर कासव आहे," शालन म्हणाली.

"दिसतंय."

"मग थांबा ना!"

"थांबतोच आहे."

"कुठे थांबताय? ते जवळ येतंय!"

कासवाने आयुष्यात पहिल्यांदा घाई केली. म्हणजे मान आत घेतली. रंगरावाने चाक फिरवलं. गाडी कासवाला वळसा घालून करवंदीत घुसली आणि जाळीच्या पोटात जाऊन एकदाची थांबली.

रंगरावाचे पाय लटपटत होते. चार पाय असले की लटपटणं लपवता येत नाही. शालनने कुंची उलगडून पाहिली. ती उभी फाटली होती.

"तुम्हाला लागलं का?" तिने विचारलं.

"छे."

"मलाही नाही. आता ऐका. ही गाडी थांबायला शिकेल, त्या दिवशी मी हिच्यात बसेन. तोवर मला पाय आहेत."

आणि ती फाटकी कुंची घेऊन बारशाला चालत गेली. रंगराव करवंदीत बसून राहिला. ज्या रस्त्यावर कासव होतं, तिथे एखाद्याचं पिल्लू असतं तर, हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि तिथेच बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी बाळकू मिस्त्रीकडे नेली. बाळकू हा रानडुक्कर. वडाखाली त्याचं गॅरेज होतं. त्याला जॅक लागायचा नाही. सुळे घालून तो गाडीच उचलायचा, आणि बोलता बोलता सोडायचा.

"मालक, या पुढच्या डिस्क बघा," तो गाडीखालून म्हणाला. "पापडासारख्या पातळ. उतारावर सारखा ब्रेक दाबलात की तापतात. त्या तापल्या की ब्रेक ऑइल उकळतं. ऑइल उकळलं की पेडल ढिलं. पेडल ढिलं की..."

"करवंदी," रंगराव म्हणाला.

"करवंदी लागली म्हणून बोलताय. पलीकडे कडा आहे."

"नवीन पॅड टाकून भागेल का?"

"तुमचं भागेल कदाचित. माझं नाही भागायचं." बाळकू हसला. "त्यापेक्षा जाड डिस्क टाकू. मधून पोकळ, म्हणजे हवा खेळते, तापत नाही. त्यावर मोठा कॅलिपर. मगर पाय धरते ना, तसा तो डिस्क धरतो. एकदा धरली की सोडायचं नाव नाही."

"सोडतो ना पण?"

"पाय काढलात की सोडतो. मगरीपेक्षा बरा."

बाळकू माप डोळ्याने घ्यायचा. फूटपट्टी म्हणजे त्याला अपमान वाटायचा. त्याने जुने ब्रेक काढून पोत्यात भरले, नवे बसवले, वर चाक चढवलं. चाक जागचं हलेना. कॅलिपर इतका मोठा होता की चाकाला आतून घासत होता.

"बघा मालक," बाळकू म्हणाला, "गाडी आत्ताच थांबली!"

रंगरावाला हसू आलं नाही. मोठी चाकं येईपर्यंत गाडी विटांवर चढली. सगळा उन्हाळा ती तिथेच होती. एका बुलबुलाने स्टिअरिंगवर घरटं केलं, अंडी घातली, पिल्लं उडवली. शेवटी चाकं आली, नव्या ऑइलमधे अडकलेली हवा काढून झाली आणि बाळकूने गाडी रंगरावाच्या हवाली केली.

रंगराव घरी आला. अंगणात शालन वाळवण राखत बसली होती.

"बसतेस?" त्याने विचारलं.

"थांबते?"

"बसलीस तर कळेल."

शालन बसली. डोळे मिटून बसली, एका हाताने दार धरून. दोघं घाट उतरू लागली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक लांडोर धूळ अंगावर घेत बसली होती. रंगरावाने पेडल दाबलं. गाडीने नाक जरासं खाली केलं आणि ती उभी राहिली. लांडोरीने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"काय झालं?" शालनने डोळे न उघडताच विचारलं.

"काही नाही. थांबलो."

शालनने एक डोळा उघडला. मग दुसरा. तिने लांडोर पाहिली, आपण रस्त्यावरच आहोत हे पाहिलं, आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे असं क्वचितच पाहिलं होतं.

"पुन्हा थांबा बघू," ती म्हणाली.

त्या दिवशी ती दोघं काहीही कारण नसताना थांबत गेली. करवंदं खायला थांबली. माकडांचं भांडण ऐकायला थांबली. एका वळणावरून खालचं तळं दिसलं, तिथे तर ती कितीतरी वेळ बसून राहिली. हा देखावा या वळणावरून दिसतो हेच त्यांना माहीत नव्हतं. आजवर या वळणावर दोघांचेही डोळे मिटलेले असायचे.

बाळांनो, गोष्ट इथेच संपवता आली असती. पण जंगलात एक मंडळ होतं.

त्याचं नाव 'अस्सल जुनी मोटार मंडळ'. जंगलातले सगळे जुन्या गाड्यांचे मालक त्याचे सभासद. अध्यक्ष आणि परीक्षक होते घुबडशास्त्री. घुबडांना दिवसा दिसत नाही हे तुम्हाला माहीत असेल. शास्त्रीबुवांना तर काळा चष्मा घालूनही दिसायचं नाही. पण गाड्यांची परीक्षा दिवसाच व्हायची, आणि ते ती फार बारकाईने करायचे.

दर वर्षी मंडळ सगळ्यात अस्सल गाडीला करंडक द्यायचं. अस्सल म्हणजे जशी बनली तशीच राहिलेली. गेली काही वर्षं तो भालेराव अस्वलाच्या गाडीला मिळत होता. तिला इंजिन नव्हतं. ते केव्हाच गळून पडलं होतं. पण जे नाहीच त्यात बदल करता येत नाही, त्यामुळे तिच्या अस्सलपणाला तोड नव्हती. ससे तिला ढकलत मैदानात आणायचे आणि भालेराव आत बसून भोंगा वाजवायचा.

मंडळाच्या कचेरीत कैलासवासी तरसेकाकांची तसबीर होती. तरसेकाका अस्सल ब्रेक लावलेल्या अस्सल गाडीसह कड्यावरून गेले होते. तसबिरीखाली लिहिलं होतं, 'शेवटपर्यंत बदलले नाहीत.' नवा सभासद आला की त्याला आधी या तसबिरीला हार घालायला लावायचे.

परीक्षेच्या दिवशी रंगराव छाती काढून उभा होता. शास्त्रीबुवांनी बॉनेटवरून पंख फिरवला. मान डोलावली. दारावरून फिरवला. मान डोलावली. मग चाकाच्या आऱ्यांतून नखं आत घातली आणि त्यांची मान जागच्या जागी पाठीमागपर्यंत फिरली.

"हे काय आहे?"

"ब्रेक आहेत, शास्त्रीबुवा."

"या गाडीचे ब्रेक एवढे नसतात."

"नव्हतेच. म्हणून बदलले. आता गाडी थांबते."

"थांबणं हा या गाडीचा मूळ गुणधर्म नाही!" शास्त्रीबुवा कडाडले. "ज्यांनी ही गाडी घडवली, त्यांना अक्कल नव्हती का? त्यांनी जी थांबवली नाही, ती थांबवणारे तुम्ही कोण?"

"पण घाटात कासव आडवं आलं होतं..."

"मग कासव बदला!"

सभासदांनी टाळ्या वाजवल्या. साळिंदराने तर इतक्या जोरात मान हलवली, की शेजारी बसलेल्या दोघांना काटे लागले. रंगराव काहीतरी बोलायला गेला, पण त्याचं कुणी ऐकेना. भालेराव अस्वल त्याच्या खांद्यावर पंजा ठेवून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. माझ्या गाडीला तर ब्रेकच नाहीत. कधी अडलं नाही."

करंडक भालेरावाला गेला. रंगरावाची जागा मागच्या रांगेत गेली. त्याला सगळे 'थांबराव' म्हणू लागले. पाणवठ्यावर पाणी प्यायला गेला तर माकडं ओरडायची, "अहो थांबराव, थांबा थांबा!" आणि फिदीफिदी हसायची.

रंगराव काही मूर्ख नव्हता. हसणारी ही माकडं उद्या घाटात आपल्याच गाडीपुढून रस्ता ओलांडणार आहेत, हे त्याला कळत होतं. पण कळून काय उपयोग? चारचौघांनी हसावं, यापेक्षा कड्यावरून गेलेलं बरं असं वाटणारे प्राणी असतात. रंगराव त्यातलाच होता. ज्या ब्रेकचा त्याला इतका अभिमान वाटला होता, त्यांचीच त्याला लाज वाटू लागली. तो पुढच्या चाकांवर फडकी टाकून गाडी उभी करू लागला. शालनबरोबर घाट उतरताना ती म्हणाली, "थांबा ना, तळं बघू," तर म्हणायचा, "काय सारखं थांबायचं? कुणी बघितलं तर?"

पुढच्या वर्षी दवंडी आली. मंडळाच्या मिरवणुकीत या खेपेला खुद्द वाघोबा महाराज बसणार. दरबारापासून तळ्यापर्यंत, सगळ्यात अस्सल गाडीत.

भालेराव अस्वलाने लगेच आपलं घोडं पुढे दामटलं. पण महाराजांना ढकलगाडी नको होती. त्यांना भोंग्याबरोबर इंजिनाचाही आवाज हवा होता.

शास्त्रीबुवा मुद्दाम रंगरावाच्या झाडावर येऊन बसले. त्याच्याकडे न बघता पानांशी बोलावं तसं म्हणाले, "लाल गाडी महाराजांना शोभली असती. एके काळी ती अस्सल होती. पुन्हा झाली तर मंडळ मोठ्या मनाचं आहे."

रंगराव तडक बाळकूकडे गेला.

"जुने ब्रेक लाव."

बाळकूने कान टवकारले. "मालक, लोक माझ्याकडे दुखणं घेऊन येतात आणि बरे होऊन जातात. बरा झालेला दुखणं परत मागायला आला, असं पहिल्यांदाच बघतोय."

"लावतोस का नाही?"

"लावतो की. काढायचं काम, घालायचं काम, मला दोन्ही सारखीच." आणि त्याने लावले. त्याने कुणाला शहाणं करायचा मक्ता घेतला नव्हता.

शालनला हे घरी गाडी आली तेव्हाच समजलं. गाडी दारात थांबायच्या ऐवजी वाळवणावरून पुढे गेली.

"बदललेत?" तिने विचारलं.

"अगं, महाराज बसणार आहेत! माझ्या शेजारी! तुला समजतंय का काय मान आहे हा?"

"महाराजांना पोहता येतं का?"

"तोंडातून काहीतरी चांगलं काढ."

"मला भीती वाटते हो तुमची," शालन म्हणाली. ती भांडायला उठली नव्हती. तिचा आवाज खाली गेला होता. "त्या दिवशी करवंदीत तुमचे पाय लटपटत होते. मी पाहिलं होतं. बोलले नाही."

रंगरावाने तोंड फिरवलं. "ते थंडीने," तो म्हणाला.

मिरवणुकीचा दिवस उजाडला. करंडक आधीच, वर दरबारातच दिला गेला. खाली गेल्यावर कोण असेल आणि कोण नसेल याची मंडळाला अनुभवाने कल्पना होती. रंगरावाच्या गळ्यात हार पडला. ज्यांनी त्याला थांबराव म्हटलं होतं तेच आता 'रंगराव! रंगराव!' करून ओरडत होते. त्याचा ऊर भरून आला. वाघोबा महाराज शेजारी बसले. शास्त्रीबुवा मागच्या बाजूला पंख पसरून उभे राहिले. भोंगा वाजला, गाडी निघाली.

दोन्ही बाजूंना प्रजा उभी होती. महाराज पंजा हलवत होते.

पहिल्या वळणावर ब्रेक लागला.

"वा," महाराज म्हणाले.

दुसऱ्या वळणावर लागल्यासारखा वाटला.

"रंगराव, जरा हळू. प्रजेला आमचं तोंड दिसायला हवं."

"हो, महाराज."

तिसऱ्या वळणावर पेडल तळाला गेलं. रंगरावाने ते पुन्हा दाबलं. दोन्ही पायांनी दाबलं. हँडब्रेक ओढला, तो मुळासकट हातात आला.

"रंगराव, हळू म्हणालो."

"महाराज, ती... थांबत नाहीये."

"थांबत नाही म्हणजे?"

"अस्सल आहे, महाराज!" मागून शास्त्रीबुवा आनंदाने ओरडले. "अगदी अस्सल!"

प्रजा रस्त्याच्या कडेला उड्या मारू लागली. उडी मारणाऱ्यांना वाटलं आपण वाचलो, लांब उभ्या असलेल्यांना वाटलं हा नाच आहे, म्हणून तेही उड्या मारू लागले. रंगरावाला आता काही ऐकू येत नव्हतं. त्याला फक्त रस्ता दिसत होता आणि रस्ता संपत आला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला करंडक नको होता, मान नको होता, काहीच नको होतं. फक्त थांबायचं होतं.

समोर तळं आलं. गाडी काठावरून उडाली. क्षणभर ती फार सुंदर दिसली. मग मोठ्ठा आवाज झाला आणि काठावरचे सगळे भिजले.

पाण्यातून आधी रंगरावाचं डोकं वर आलं. मग महाराजांचं. महाराजांच्या डोक्यावर शेवाळ होतं आणि एका कानातून पाणी गळत होतं. ते हळूहळू रंगरावाकडे वळले. त्यांनी जबडा उघडला. रंगरावाने डोळे मिटले.

तेवढ्यात वरून आवाज आला. शास्त्रीबुवांना पंख होते, त्यामुळे ते वेळेवर उडाले होते. त्यांना खाली काय झालं हे दिसत नव्हतं. पण महाराज ओले झाले एवढं ऐकू आलं होतं.

"महाराजांचं जलावतरण झालं!" त्यांनी जाहीर केलं. "प्राचीन प्रथेप्रमाणे!"

महाराजांचा जबडा उघडाच राहिला. त्यांनी काठावरच्या प्रजेकडे पाहिलं. प्रजेला हसावं की रडावं ठरत नव्हतं; ती महाराजांच्या तोंडाकडे बघून ठरवणार होती. महाराजांनी विचार केला. ज्याला गाडी थांबवता आली नाही असा राजा, आणि ज्याला थांबायचंच नव्हतं असा राजा, यातला कुठला बरा? त्यांनी जबडा मिटला. पंजा वर केला आणि हलवला.

"महाराजांचा विजय असो!" प्रजा गरजली.

त्याच दिवशी फर्मान निघालं. यापुढे दर वर्षी मिरवणूक तळ्यातच संपेल. काठावर थांबणारी गाडी हा महाराजांचा अपमान समजला जाईल. रंगरावाला 'जलरथी' असा किताब मिळाला आणि मिरवणुकीचं सारथ्य त्याच्याकडे आजन्म आलं. महाराजांच्या जागी मात्र पुढच्या वर्षापासून त्यांची तसबीर बसेल, असं फर्मानात शेवटी बारीक अक्षरात होतं.

शालन काठावर उभी होती. तिने रंगरावाला पंजा देऊन वर ओढलं. तो वरपासून खालपर्यंत थरथरत होता.

"थंडी वाजतेय?" तिने विचारलं.

रंगरावाने मान हलवली. पहिल्यांदा 'हो' अशी. मग 'नाही' अशी.

"शालन," तो हळूच म्हणाला, "मला पुन्हा या गाडीत बसायचं नाही."

"मग सांगा तसं त्यांना."

रंगरावाने वळून पाहिलं. सगळं जंगल त्याच्या नावाने ओरडत होतं. भालेराव अस्वल डोळे पुसत होता. माकडं रंगरावावर फुलं टाकत होती. त्याने तोंड उघडलं, आणि उघडलेल्या तोंडातून जे बाहेर पडलं ते, "मंडळाचा मी ऋणी आहे."

शालन बहिणीकडे राहायला गेली. बहिणीचं घर तळ्याच्या पलीकडच्या काठाला, उंचावर होतं. तिथवर गाडी पोचत नव्हती.

बाळकू मिस्त्रीने आता गॅरेजवर नवी पाटी लावली आहे. 'येथे ब्रेक काढून मिळतील.' रांग वडाच्या पारंब्यांच्याही पलीकडे जाते. आणि रंगराव रोज सकाळी तळ्यावर येतो. एका म्हाताऱ्या बेडकाकडे तो पोहायला शिकतो आहे. बेडूक म्हणतो, प्रगती बरी आहे, फक्त श्वास वेळेवर थांबवता येत नाही.

तात्पर्य: बाळांनो, गाडीला चांगले ब्रेक कधीही लावू नका. जो जागच्या जागी थांबतो, त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडत नाही, आणि त्याचं नाव कुणाला आठवतही नाही. जो राजाला घेऊन तळ्यात पडतो, त्याच्या नावाने उत्सव सुरू होतो. मात्र राजाच्या मागे उभं राहायची संधी मिळाली, तर आधी आपल्याला पंख आहेत का ते बघून घ्या.